फेडरल कोर्ट : अर्थ, कार्य आणि आपले नाते
(महोत्सवानिमित्त बडोदे येथे दिलेले भाषण)



महोत्सवात बोलावयाचे तर संस्थापकांचे गुण गावे, देणगीदारांचे आभार मानावे आणि भोजनाची वेळ होण्यापूर्वी खाली बसावे, असा शिरस्ता आहे. पहिली दोन कामे आमच्याहून अधिकारी मंडळींनी उत्तम रीतीने पार पाडली आहेत. तिसरे पाळण्याचा आम्ही प्रयत्न करू. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'फेडरल कोर्ट' असे सांगितले. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जरा सोपे करून सांगा." तेवढी अट मान्य करून आम्ही उभे आहोत.

हा विषय आम्ही निवडला त्याला एक घरगुती कारण आहे. आमचे आजोबा बडोदे सरकारच्या नोकरीत कारकून होते. वाड्याला लागून शेजाऱ्यांचे घर होते आणि त्यांच्या पन्हळीचे पाणी पावसाळाभर आमच्या भिंतीवर पडत असे. आजोबांचा दरवर्षी तोच निर्धार असे, "हुजुरांपर्यंत जाईन!" एकदा कोणी नातलग त्यांना म्हणाले, "अहो, आता दिल्लीस फेडरल कोर्ट निघाले आहे." त्यावर आजोबांनी दिलेले उत्तर आमच्या घरात म्हणीसारखे राहिले. "ते इंग्रजी मुलखाचे. आपले नव्हे."

आजोबांचे म्हणणे तेव्हा खरे होते. पुढे ते खोटे कसे झाले, हेच आज सांगावयाचे आहे.

आधी शब्दाचा अर्थ. जिथे एका प्रजेवर दोन सरकारांचा अंमल असतो, एक साऱ्या देशाचे आणि एक प्रांताचे, त्या व्यवस्थेला संघराज्य म्हणतात. कोणी कोणते काम करावयाचे याच्या याद्या कायद्यातच लिहिलेल्या असतात. १९३५ च्या कायद्यात अशा तीन याद्या होत्या, केंद्राची, प्रांतांची आणि सामाईक. आजच्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातही तीनच आहेत. यादी आली की तिच्या अर्थाचा वाद आलाच. इंग्लंडात हा प्रश्न उद्भवत नसे. तेथे पार्लमेंट करील तो कायदा, आणि न्यायाधीशाने तो रद्द ठरवावयाचा नाही, अशी जुनी रीत. पण जिथे सत्ता वाटून दिली आहे, तिथे वाटणीपत्राचा अर्थ सांगणारा कोणीतरी लागतो, आणि तो दोघा वाटेकऱ्यांपैकी एकाच्या पदरचा असून भागत नाही. त्या तिसऱ्याचे नाव संघ न्यायालय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत आणि तिकडचे 'फेडरल कोर्ट' त्यांच्या बोलण्यात येते. तेथे त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. अमेरिकेत न्यायालयांच्या दोन वेगळ्या शिड्या आहेत. प्रत्येक राज्याची आपली एक आणि तिच्या शेजारी संघाची दुसरी, जिल्हा न्यायालयापासून थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत. १७८९ पासून हे असेच चालले आहे. आपल्याकडे शिडी एकच. बडोद्याच्या न्यायालयात तोच न्यायाधीश सकाळी केंद्राच्या कायद्याखालचा दावा ऐकतो आणि दुपारी गुजरात राज्याच्या कायद्याखालचा. म्हणून आपल्याकडे 'संघ न्यायालय' म्हणजे वेगळी इमारत नव्हे. ते एक काम आहे, आणि मुख्यतः सर्वोच्च न्यायालय ते करते. वेगळ्या नावाचे असे न्यायालय आपल्या देशात होते ते बाराच वर्षे, १ ऑक्टोबर १९३७ पासून राज्यघटना येईपर्यंत.

त्याचा जन्म मोठा चमत्कारिक. १९३५ च्या कायद्याने इंग्रजी प्रांत आणि संस्थाने यांचा मिळून एक संघ व्हावयाचा होता. त्यासाठी अट अशी की संस्थानी प्रजेच्या निम्म्या लोकसंख्येचे राजे, आणि वरच्या सभागृहातील संस्थानांच्या निम्म्या जागांचे धनी, आधी सामील झाले पाहिजेत. ते झाले नाहीत. वाटाघाटी चालल्या, पत्रे गेली-आली, आणि सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच व्हाइसरॉयांनी ते सारे बासनात बांधून ठेवले. न्यायालय मात्र आधीच सुरू झाले होते! लग्न न होता व्याही बसावा तसे संघावाचून संघ न्यायालय बसले. आणि बसले ते कोठे, तर दिल्लीच्या कौन्सिल हाउसमधील नरेंद्रमंडळाच्या दालनात. ज्या राजेलोकांनी संघात पाऊल टाकले नाही, त्यांच्याच सभागृहात.

न्यायाधीश तीन. मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, दुसरे सर शाह मुहम्मद सुलेमान आणि तिसरे आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. जयकर तेथे १९३९ पर्यंत होते. मग ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले, आणि पुढे १९४८ साली पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पुण्याच्या जयकर ग्रंथालयात अभ्यास केलेली मंडळी या सभेत असतील. त्या नावाचा गृहस्थ देशाच्या पहिल्या संघ न्यायालयाचा न्यायाधीश होता, हे त्यांना तेथे कोणी सांगितले होते का, कोण जाणे.

या न्यायालयापुढे पहिला महत्त्वाचा प्रश्न आला तो नागपूरहून. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९३८ साली मोटारीच्या पेट्रोलवर आणि वंगणावर किरकोळ विक्रीच्या किमतीच्या शेकडा पाच असा कर बसविला. पेट्रोलवर केंद्राची उत्पादन-जकात आधीपासून होती. केंद्राचे म्हणणे, उत्पादन-जकात हा आमच्या यादीतील विषय. मालावर कोठेही कर बसवा, तो आमच्याच हद्दीत शिरतो. प्रांताचे म्हणणे, मालाच्या विक्रीवरील कर आमच्या यादीत लिहिला आहे. आम्ही विक्रीवर बसविला. गव्हर्नर जनरलनी प्रश्न न्यायालयाकडे सल्ल्यासाठी धाडला. इतर प्रांतांचे सरकारी वकीलही धावून आले, कारण आज नागपूरचा कर गेला तर उद्या मुंबई-मद्रासचा जाणार, हे प्रत्येकाला दिसत होते.

डिसेंबर १९३८ मध्ये तिन्ही न्यायाधीशांनी आपापली मते लिहिली आणि तिघांचा निर्णय एकच पडला. प्रांताचा कर कायदेशीर. त्यांची विचारसरणी अगदी व्यवहारातली होती. केंद्राच्या शब्दाचा अर्थ इतका ताणला की प्रांताच्या यादीतील शब्दाला काही अर्थच उरू नये, तर तो शब्द यादीत लिहिला कशाला? दोन्ही शब्द जगतील असा अर्थ लावला पाहिजे. जकात ती माल तयार होण्याशी निगडित, विक्रीकर तो माल विकण्याशी.

हे न्यायाधीश इंग्रज सरकारने नेमलेले, पगार सरकारचा, दालन सरकारचे. आणि पहिल्याच मोठ्या प्रश्नात त्यांनी दिल्लीच्या विरुद्ध आणि नागपूरच्या बाजूने कौल दिला. आमच्या मते या न्यायालयाची अब्रू त्या दिवशी ठरली. पेट्रोलवर राज्याने कर घ्यावा ही वहिवाट आजही आहे. वस्तू व सेवा कर २०१७ साली आला तरी पेट्रोल त्याच्या बाहेरच राहिले. महाराष्ट्रात लग्नाला जाताना सरहद्दीअलीकडे गाडीची टाकी भरून घेणारे आपण सारे त्या जुन्या वाटणीचाच हिशेब करीत असतो.

या हकिगतीतील एक नाव मात्र बडोदेकरांनी लक्षात ठेवावे. केंद्र सरकारचे ॲडव्होकेट जनरल तेव्हा सर ब्रजेंद्रलाल मित्तर होते. ते पुन्हा येतील.

युद्धकाळात न्यायालयाची परीक्षा अधिक कडक झाली, कारण आता प्रश्न पैशाचा राहिला नव्हता, माणसाच्या स्वातंत्र्याचा होता. १९४२ साली बंगालचे निहारेंदु दत्त मजुमदार यांच्या खटल्यात ग्वायरसाहेबांनी सांगितले की सरकारला झोंबणारे बोलणे म्हणजे राजद्रोह नव्हे. बोलण्यात सार्वजनिक शांतता बिघडविण्याचा रोख पाहिजे. शिक्षा रद्द झाली. पुढे १९४७ साली सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हा अर्थ चुकीचा ठरविला. आणि त्यानंतर १९६२ साली केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लंडनचे मत बाजूस सारून ग्वायर यांचाच अर्थ स्वीकारला. ज्या दंडसंहितेत ते कलम होते ती १ जुलै २०२४ पासून गेली, नवी आली. पण साठ वर्षे या देशातील वर्तमानपत्रवाले आणि वक्ते ज्या रेषेच्या आधाराने बोलले, ती रेषा युद्धाच्या ऐन धुमाळीत एका इंग्रज न्यायाधीशाने आखली होती.

दुसरी हकीगत केशव तळपदे यांची, मुंबई इलाख्यातील. भारत संरक्षण नियमांतील सव्विसाव्या नियमाखाली त्यांना स्थानबद्ध केले होते. 'चले जाव' नंतरचे ते दिवस. असे स्थानबद्ध हजारोंनी होते. तळपद्यांचा अर्ज मुंबईच्या हायकोर्टाने नाकारला, तो दिल्लीस गेला. न्यायालयाने मूळ कायदा आणि त्याखाली केलेला नियम शेजारी शेजारी ठेवून वाचले. कायद्यात लिहिले होते की ज्याच्याविषयी वाजवी संशय असेल अशा माणसाला अडकवावे. नियमात लिहिले होते की सरकारची खात्री झाली म्हणजे पुरे. संशयाला कारण दाखवावे लागते. खात्रीला काही लागत नाही. साहेबांना वाटले की झाली. नियम कायद्याच्या बाहेर गेला, म्हणून तो रद्दबातल. एप्रिल १९४३ मध्ये हा निकाल झाला, आणि अवघ्या काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढून ते छिद्र बुजविले.

मग उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. तुरुंगाची दारे काही त्या निकालाने भराभर उघडली नाहीत, हे कबूल केले पाहिजे. तरी आम्ही त्या निकालाला निष्फळ म्हणणार नाही. सरकार जे गुपचूप करीत होते ते त्याला नावानिशी आणि उघड करावे लागले. आणि ऐन युद्धात न्यायाधीश सरकारी नियमाला 'नाही' म्हणू शकतो, हे लोकांनी वर्तमानपत्रात वाचले. त्या वाचणाऱ्यांत पुढे घटना लिहिणारेही होते.

आता आपल्या गावाकडे येऊ. हे सारे चालले होते तेव्हा बडोद्यात काय होते? येथे वरिष्ठ न्यायालय होते, आणि त्यावर हुजूर न्यायसभा. ती शेवटचे अपील ऐकून महाराजांना सल्ला देत असे. संस्थानचे निकाल ना फेडरल कोर्टात जात ना लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये. सयाजीराव महाराजांच्या राज्यात न्याय चांगला होता, हे आम्ही आपुलकीपोटी म्हणत नाही. महाराजांना शब्दांचीही चाड अशी की राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश त्यांनी १९३१ साली छापविला. तेव्हा आजोबा 'हुजुरांपर्यंत जाईन' म्हणत, त्यामागे विश्वास होता. पण तो विश्वास एका पुरुषावर होता. हुजूर चांगले तर न्याय चांगला. आणि हुजुरांच्याच खात्याविरुद्ध गाऱ्हाणे असेल तर? तेव्हाही दार तेच.

१९४५ साली बडोद्याचे दिवाण म्हणून कोण आले? तेच सर ब्रजेंद्रलाल मित्तर. फेडरल कोर्टात केंद्राची बाजू मांडणारा कायदेपंडित आता संस्थानचा कारभारी झाला. घटना समितीत प्रथम आपले प्रतिनिधी पाठविणाऱ्या संस्थानांत बडोदे पुढे होते, त्यात त्यांचा हात मोठा. आणि १९४७ साली भावी सर्वोच्च न्यायालयाचा आराखडा करण्यासाठी घटना समितीने जी पाच जणांची समिती नेमली, तीत वरदाचारियर, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, कन्हैयालाल मुनशी आणि बी. एन. राव यांच्या बरोबरीने बसले बडोद्याचे दिवाण मित्तर. ज्या न्यायालयाचे दार बडोद्याच्या प्रजेला बंद होते, त्याच्या वारसाचा नकाशा काढण्यात बडोद्याचा माणूस होता. आपल्या शहरात याची आठवण कोणी काढीत नाही, म्हणून आज मुद्दाम काढली.

मग गोष्टी भराभर घडल्या. १९४७ च्या ज्या सामीलनाम्यांवर राजेलोकांनी सह्या केल्या, त्यांत गव्हर्नर जनरल आणि विधिमंडळ यांच्या जोडीने फेडरल कोर्टाचे नावही लिहिलेले होते. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरपासून लंडनची अपिले बंद झाली. २६ जानेवारी १९५० रोजी घटना आली, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश तेच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि दोनच दिवसांनी, २८ जानेवारीला, नव्या न्यायालयाचे उद्घाटन झाले ते पुन्हा त्या नरेंद्रमंडळाच्या दालनात. १९५८ साली स्वतःची इमारत होईपर्यंत सर्वोच्च न्यायालय तेथेच भरत असे.

आता, विश्वस्त मंडळी, हे सारे आपल्या संस्थेच्या दप्तरापर्यंत कसे पोहोचते ते ऐका. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला. बडोदे तेव्हा मुंबई राज्यात, म्हणून तो आपल्याकडे आला, आणि १९६० नंतर गुजरातेतही राहिला. नोंदणी करा, हिशेब तपासून घ्या, धर्मादाय आयुक्तांना माहिती द्या, आणि त्या खात्याच्या खर्चासाठी वर्गणी भरा. अनेक जुन्या संस्थांना तो अपमान वाटला. आम्ही लोकांच्या पैशाला हात लावीत नाही, मग आमच्या वह्या सरकारने का पाहाव्यात, असा सूर होता. एका जैन मंदिराचे वहिवाटदार आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त हा प्रश्न घेऊन हायकोर्टात आणि तेथून दिल्लीस गेले. मार्च १९५४ मध्ये निकाल झाला. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी तो लिहिला.

पहिला वाद तोच, नागपूरच्या पेट्रोलचा जणू धाकटा भाऊ. ही वर्गणी कर आहे की फी? कर असेल तर असा कर बसविण्याचा राज्याला अधिकार नाही. न्यायालय म्हणाले, ती फी आहे. खास कामासाठी गोळा होते, वेगळ्या निधीत ठेवली जाते, त्याच कामावर खर्च होते. म्हणून राज्याचा अधिकार शाबूत. हिशेब तपासणेही योग्य ठरले. येथे विश्वस्त हरले, आणि हरले ते बरे झाले असे आम्हांस वाटते. हिशेब दाखविण्याची लाज खऱ्या संस्थेला कधीच वाटू नये.

पण दुसऱ्या बाजूला न्यायालयाने सरकारचा हात धरला. धार्मिक संस्थेवर धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसविण्याची तरतूद त्याने अमान्य केली. आणि त्याहून महत्त्वाचे हे की संस्थापकाने नेमून दिलेला हेतू अजून पार पाडता येण्यासारखा असताना, दुसरे काही अधिक उपयुक्त वाटते एवढ्यावरून धर्मसंस्थेचा पैसा तिकडे वळविणे हे घटनेने दिलेल्या स्वातंत्र्यावरील आक्रमण ठरते, असे त्याने सांगितले. निकाल धार्मिक संस्थांच्या हक्काविषयी होता, शाळा-वसतिगृहांना तो जसाच्या तसा लागू होतो असे नव्हे. तरी आपल्यासारख्या संस्थेत जेव्हा जेव्हा कोणी उत्साही सभासद म्हणतो की अमुक निधी पडून आहे, तो तमुक कामाला लावू, तेव्हा जुने विश्वस्त दानपत्र काढून वाचावयास बसतात. त्यांना आपण चिकट म्हणतो. त्यांच्या चिकटपणाला दिल्लीची साक्ष आहे.

संघ न्यायालयाचे काम आज संपले आहे असे नाही. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी आठ विरुद्ध एक अशा मतांनी ठरविले की खाणींवरील रॉयल्टी हा कर नव्हे आणि खनिजांच्या जमिनीवर कर बसविण्याचा हक्क राज्यांना आहे. प्रश्न पाहा, शहाऐंशी वर्षांपूर्वीचाच.

पाण्याचे तंटे मात्र घटनेने मुद्दाम निराळे ठेवले. नर्मदेच्या पाण्याची वाटणी न्यायालयाने केली नाही; ती १९६९ साली नेमलेल्या लवादाने केली आणि त्याचा अंतिम निवाडा १९७९ साली झाला. एवढे असूनही धरणाचा वाद शेवटी दिल्लीच्या न्यायालयात गेलाच आणि २००० साली बांधकाम पुढे नेण्याचा निकाल झाला. आज आपल्या नळाचे पाणी पिताना ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली त्यांना तो निकाल कसा वाटला असेल, याचाही विचार मनात येतो.

आणि आपल्यापैकी ज्यांच्या सोयरिकी बेळगावास आहेत, त्यांना दुसरा दावा ठाऊक आहे. राज्याराज्यांतील तंटा थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याचा जो मार्ग घटनेच्या १३१ व्या कलमात आहे, त्या मार्गाने महाराष्ट्राने २००४ साली सीमाभागाचा दावा लावला. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, दावा अजून उभा आहे. तो लावला गेला तेव्हा शाळेत असलेली तिकडची मुले आज स्वतःच्या मुलांच्या शाळेची भाषा निवडीत आहेत. निकाल कोणाच्याही बाजूने होवो, पण वाटणीपत्राचा अर्थ सांगावयास बसलेल्या तिसऱ्याने इतका वेळ गप्प राहणे हे आमच्या मते त्याच्या कामात बसत नाही. ग्वायर आणि जयकर यांनी नागपूरचा प्रश्न वर्षाच्या आत सोडविला होता, तोही तिघांनी तीन निकालपत्रे लिहून.

चिटणीस घड्याळाकडे पाहू लागले आहेत. तेव्हा आजोबांचे सांगून संपवतो. विलीनीकरणानंतर दोन-तीन पावसाळे ते बोलण्यात अडखळत, कारण आता जावयाचे कोणाकडे? मग एके वर्षी जोराचा पाऊस झाला, भिंतीचा गिलावा पडला, आणि ते ओट्यावर उभे राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दिल्लीपर्यंत जाईन!" शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून पत्र्याची पन्हळ दुसऱ्या बाजूला काढून घेतली.